हलव्याचा काटा आणि रंगीत गोळ्या

नोकरीत काय करायचात, असं कुणी विचारलं की मी सांगते, "चॉकलेटच्या गोळ्यांना साखरेचे कपडे घालायचे." समोरच्याला वाटतं, बाई थट्टा करतेय. मग तो खोदून विचारतो आणि त्याचा चहा पार थंड होईपर्यंत मी थांबत नाही. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी माझ्यामुळे गार चहा प्यायलाय.

ज्या गोळ्यांबद्दल बोलतेय त्या तुम्हीही खाल्ल्या आहेत. बटणाएवढ्या, चकचकीत, लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या. वर साखरेचं कवच, आत चॉकलेट. पोरं आधी तळहातावर मांडून रंग निवडतात. चोखून रंग गेला की गोळी पांढरी होते, पांढरं गेलं की चॉकलेटी. मुली लाल गोळी ओली करून ओठांवर फिरवतात, मुलं निळी खाऊन एकमेकांना जीभ दाखवतात. सगळ्या रंगांची चव एकच असते. हे मी शपथेवर सांगते, कारण रंग मीच टाकायचे. तरी प्रत्येक मूल सांगतं की नारिंगी जास्त गोड असते. मी वाद घालत नाही. मला स्वतःला पिवळी जास्त गोड लागते.

मुंबईजवळच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यांच्या रांगेत आमची कंपनी. कंपनी म्हणायची एवढंच, दोन गाळे आणि वर पत्रा. एका अंगाला प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या, दुसऱ्या अंगाला कुलपं, आणि मध्ये आम्ही गोड वास सोडत बसलेलो. मालक पापडी गावचे जोकीमशेठ. आधी ते नुसती रंगीत बडीशेप करायचे, मग चॉकलेटच्या गोळ्यांकडे वळले. मी लागले ती पॅकिंगच्या टेबलावर. मुलगा शाळेत जायला लागला होता, घर चालत वीस मिनिटांवर होतं, आणि नवऱ्याच्या पगारात महिना पुरत नव्हता.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. थंडगार रोलरमधून चॉकलेटच्या चपट्या गोळ्या निघतात. त्या जातात पॅनमध्ये. पॅन म्हणजे तांब्याचं मोठं, गोल पोटाचं, तिरकं बसवलेलं भांडं. मोटरवर ते गरगर फिरतं. इमारतीच्या कामावर सिमेंट कालवायचं यंत्र असतं ना, तसंच, फक्त घासूनपुसून लखलखीत. आत गोळ्या लोळत असतात. त्यांच्यावर पळीभर साखरेचा पाक टाकायचा आणि लगेच हात घालून कालवायचं, म्हणजे तो सगळ्यांना सारखा लागतो. मग गार, कोरडी हवा सोडायची. पाक सुकला की पुन्हा पळी. असे कितीतरी थर. शेवटचे थर रंगाचे, आणि सगळ्यात शेवटी मेणाची चमक. दोन दोन दिवस खपून केलेली गोळी पोरं दोन चावांत संपवतात.

पाक सुकला हे डोळ्यांना कळत नाही. ते कानाला कळतं. ओल्या गोळ्या पॅनमध्ये भदाभदा पडतात. सुकत आल्या की आवाज मोकळा होतो, आणि पुऱ्या सुकल्या की खळखळ वाजायला लागतात. त्या खळखळीच्या आधी पळी टाकली तर गोळ्या एकमेकींना चिकटतात, आणि उशीर केला तर नुसती भुकटी उडते.

जोकीमशेठना या गोळ्यांच्या इतिहासाचं भारी वेड होतं. पूर्वी म्हणे बदामांवर साखर चढवायचे. मग औषधवाल्यांनी कडू गोळ्या साखरेत लपवायला तीच युक्ती वापरली. पुढे कुणीतरी डोकं चालवलं की चॉकलेटलाच कवच घातलं तर ते उन्हात हाताला लागणार नाही, आणि मग परदेशात या गोळ्या सैनिकांच्या खिशातूनही फिरल्या. शेठ हे सगळं अशा थाटात सांगायचे की वाटावं, त्या खिशात गोळ्या यांनीच भरल्या. एकदा मी म्हटलं, "शेठ, आमच्या आईला हे कुणी न शिकवता येतं. परातीत, शेगडीवर."

माझं माहेर साताऱ्याकडचं. आई दर संक्रांतीला ऑर्डरीचा हलवा करायची. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस नाहीतर तीळ, त्यावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलकेच फिरवायचं. दोन तीन दिवसांनी त्या दाण्यावर पांढरेशुभ्र काटे उभे राहायचे. त्या काटेरी हलव्याचे दागिने आई ओवायची: नव्या सुनांना हार आणि बांगड्या, बोरन्हाणाच्या बाळांना मुकुट आणि कमरपट्टा. बारीक, टोकदार, एकसारखा काटा ही तिची शान होती. मी लहानपणापासून तिच्याजवळ बसून ते शिकले. त्या वेळी माझ्या हातालाही छान काटा यायचा.

पण आमच्या पॅनचे राजे होते रामसुरत उस्ताद. जौनपूरकडचे, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. बाईमाणसाला ते पॅनच्या जवळ फिरकू द्यायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "औरत का हाथ गरम होता है. चॉकलेट डर जाता है." चॉकलेट घाबरतं हे ऐकून टेबलावरच्या आम्ही बायका हसून लोळायचो. माझ्या शेजारी बसायची पाचूबंदरची हिराबाय, नवऱ्याची बोट होती, तोंड त्याहून मोठं. ती म्हणायची, "मंग उस्तादला म्हनावं, चॉकलेटला आधी देवळात नेऊन आन!"

आम्ही गोळ्यांतून फुटक्या आणि चिकटलेल्या वेगळ्या काढायचो. दोन गोळ्या चिकटून आल्या की आम्ही त्यांना जुळ्या म्हणायचो. त्या विकायला जायच्या नाहीत. हिराबाय त्या डब्यात जमवायची आणि शनिवारी घरी निघताना सगळ्यांच्या पोरांना वाटायची. माझा मुलगा दुकानातली गोळी हातात घेऊन रडायचा, "ही एकटी आहे, मला जुळी पाहिजे."

एका डिसेंबरात उस्तादांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ते गावी गेले. जाताना भिवंडीचा एक माणूस येईल म्हणून सांगून गेले. तो आला नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्याची नाताळची मोठी ऑर्डर उभी होती, आणि तेवढी मोठी ऑर्डर कंपनीला पहिल्यांदाच मिळाली होती. शेठ दिवसभर फोनवर आणि येरझाऱ्या घालण्यात. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी हातातला ट्रे ठेवला आणि म्हटलं, "मी करते."

शेठने येरझाऱ्या थांबवल्या. मग म्हणाले, "विमलताई, एक गोष्ट क्लियर सांगतो. ही ऑर्डर निघाली तर मागे जो दुसरा पॅन पडलाय, तो साफ करून तुम्हाला देतो. पगारपण पॅनचा. बिघडली तर परत टेबलावर, आणि मग पॅनचं नाव काढायचं नाही. चालेल?"

मला तो पॅन हवा होता. पगारासाठी हवा होताच, पण खरं सांगायचं तर त्या खळखळ आवाजासाठी जास्त. तो ऐकला की मला आईची परात आठवायची. मी म्हटलं, चालेल.

पहिला घाणा पिवळ्याचा. पांढरे थर उस्तादांनी जाण्याआधीच चढवून ठेवले होते, रंगाचे तेवढे बाकी होते. सकाळची दमट थंडी, पाक काही केल्या सुकेना. आणि इथे माझ्या हाताने घात केला. तो हात शिकलेला होता साताऱ्यात. हलव्याला ऊब लागते, म्हणून बडीशेपेसाठी वापरायची गरम हवा मी जराशी सोडली. हलव्याचा पाक बसू द्यायला लागतो, म्हणून दर पळीनंतर मी पॅन बंद करून थोडा वेळ थांबायला लागले. आई परातीवरून हात उचलून थांबायची, तसा मी पॅन थांबवत होते म्हणा ना. मला वाटत होतं, काय सुंदर जमतंय.

दुपारी पॅन थांबवून उजेडात बघितलं तर गोळ्यांना काटे आलेले! आडवेतिडवे, पिवळेधमक काटे, आणि उबेने आतलं चॉकलेट फुगून जागोजागी तपकिरी डाग बाहेर फुटलेले. अख्खा घाणा गेला.

हिराबायने एक उचलून तोंडात टाकली. "अगो विमलबाय, ह्यो तं हलवा झाला गो! तू तं संक्रात आधीच आनलीस!"

सगळ्या बायका हसल्या. मला रडू फुटलं. शेठ आले, पॅनमध्ये बघितलं. फक्त म्हणाले, "मी दुसरा माणूस बघतो," आणि वळले.

मी त्यांच्या मागे धावले. तेव्हा मोबाइल नुकते आले होते. एक शेठकडे होता आणि एक उस्तादांच्या भावाकडे, गावात. मी म्हटलं, "शेठ, एक फोन लावून द्या. एकच. मग मी टेबलावर जाते."

फोन लागला तेव्हा पलीकडे सनई वाजत होती. हळदीचा दिवस होता. उस्तादांना मंडपातून बोलावून आणलं. मी रडत रडत सगळं सांगितलं: गरम हवा, थांबवलेला पॅन, काटे. मला वाटलं, आता हे गरम हाताचं काढणार. पण ते म्हणाले, "काँटा आया? बराबर काँटा?"

"हो. बारीक."

"तो हाथ में हुनर है तेरे. उल्टा है, पर है. नया माल डाल. ठंडी हवा खोल. अब फोन पॅन के मुँह पे पकड़ और मुझे सुनने दे."

शेठ फोन धरून पॅनपाशी उभे राहिले. पॅन फिरायला लागला. मी पळी टाकली आणि हात घातला. फोनमधून उस्तादांचा आवाज: "जोर से चला. और जोर से. सहला मत, रगड़." आवाज भद्द होता. "रुक." मग थोडा मोकळा झाला. "रुक, अभी नहीं." मध्येच कुणीतरी त्यांना हळद लावायला ओढत होतं, ते त्याच्यावर खेकसले. मग गोळ्या खळखळायला लागल्या, आणि माझ्या तोंडून "आता!" आणि त्यांच्या तोंडून "अब!" एकदमच निघालं. शेठ हसायला लागले. पुढच्या तीन पळ्यांनाही तसंच झालं. चौथीला उस्ताद म्हणाले, "मैं जाता हूँ, मेरी बेटी की हल्दी है. तेरे कान ठीक हैं."

ऑर्डर वेळेत निघाली. काटेरी घाणा कुणी घेणार नव्हतं. तो आम्ही बायकांनी वाटून घेतला आणि नाताळपर्यंत गोखिवऱ्यातली पोरं तोंडं पिवळी करून फिरत होती.

उस्ताद परत आले, लग्नाचे लाडू वाटले आणि मला मागच्या पॅनपाशी घेऊन गेले. तो शेठने घासून ठेवला होता. उस्ताद म्हणाले, "पॅन तेरा. एक शर्त है. हलवा भूल जा. एक हाथ में दो हुनर रहेंगे तो कभी ये बिगड़ेगा, कभी वो." मी त्यांच्या पाया पडले आणि शब्द दिला.

तो शब्द मी पाळला, आणि त्याचीच एक रुखरुख आहे. आई थकली तेव्हा तिने एकदा निरोप धाडला, की या संक्रांतीला येऊन परातीवर बस, माझी बोटं चालत नाहीत, ऑर्डरी परत जातायत. मी कळवलं, जमणार नाही, हात बिघडेल. आईने पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. आईला मी नाही म्हटलं होतं, ते अजून टोचतं.

बाकी पॅनवरची माझी सगळी वर्षं मजेत गेली. गिऱ्हाइकं एकेक भेटायची. पापडीच्या एक आजी नाताळच्या केकवर फक्त लाल आणि हिरव्या गोळ्या लावायच्या. मिक्स पाकीट घ्यायच्या आणि जानेवारीत उरलेल्या निळ्या पिवळ्या स्टीलच्या डब्यातून परत आणायच्या, "बाय, ह्या बदलून दे, मी हात नाय लावलेला." गास गावचे एक गुरुजी पहिलीच्या वर्गासाठी प्रत्येक रंगाच्या मोजून सारख्या गोळ्या घेऊन गेले, बेरीज वजाबाकी शिकवायला. आठवड्याने परत आले. मी विचारलं, "गणित आलं का मुलांना?" म्हणाले, "वजाबाकी फार छान आली. बेरजेला काही उरलंच नाही."

उस्ताद थकून गावी गेले ते कायमचेच. पण दर वर्षी नाताळच्या पहिल्या घाण्याला मी त्यांना फोन लावायचे आणि पॅनच्या तोंडाशी धरायचे. पुढे व्हिडिओ आला. माझी सून कौतुकाने दाखवायला गेली तर म्हणाले, "तस्वीर हटा, देखने का क्या है इसमें. सुनने दे."

गेल्या डिसेंबरअखेर मी निवृत्त झाले. शेवटचा घाणा लाल गोळ्यांचा केला. निरोपाला बायकांनी साडी दिली, शेठने घड्याळ दिलं, आणि हिराबाय मुलाचा हात धरून खास पाचूबंदरहून आली. तिने टेबलावरच्या पोरींना सांगून माझ्या त्या शेवटच्या घाण्यातल्या सगळ्या जुळ्या काढून बरणीत भरवल्या होत्या. "नातीला दे," म्हणाली. "एकटी गोळी देऊ नको तिला."

नात माझी, ओवी, तेव्हा पावणेदोन वर्षांची. मागच्या संक्रांतीला तिला ताप होता म्हणून बोरन्हाण राहून गेलं होतं. ते यंदा करायचं ठरलं. सून म्हणाली, "आई, हलव्याचे दागिने ऑनलाइन मागवू का?" मी फणकाऱ्याने म्हटलं, "माझ्या घरात विकतचा हलवा? मी करते." ते 'मी करते' तोंडातून निघालं आणि मला गाळ्यातला तो दिवस आठवला.

आईची परात काढली. गॅस अगदी बारीक केला, खसखस टाकली, पाक सोडला, बोटं फिरवायला लागले. पहिल्या दिवशी दाणे गोल झाले. दुसऱ्या दिवशी आणखी गोल झाले. तिसऱ्या दिवशी परातीत मोत्यांसारखे गुळगुळीत, चकचकीत दाणे. एकालाही काटा नाही. सून म्हणाली, "किती क्यूट!" तिला काय कळणार. मी खुर्चीत जाऊन बसले. इतकी वर्षं मी काटा येऊ दिला नव्हता, आणि आता तो रुसून बसला होता. आईकडे जे होतं ते मी पॅनच्या बदल्यात देऊन टाकलं, असं वाटत राहिलं.

दुपारी उस्तादांना फोन लावला. नाताळ नव्हता, त्यामुळे ते दचकलेच. मी सांगितलं, काटा येत नाही. ते मिशीत हसले असणार, मला इकडे ऐकू आलं. "सुना," म्हणाले.

मी फोन ओट्यावर ठेवला, पाक सोडला, बोटं फिरवायला लागले. परातीत दाणे खळखळले. उस्ताद थोडा वेळ ऐकत राहिले, आणि मग तोच जुना खेकसण्याचा सूर: "अरे, कितना रगड़ती है! हाथ उठा. ये पॅन नहीं है."

"तुम्हीच सांगितलं होतंत, रगड म्हणून."

"वो सेठ के लिए था. अब कौन सा सेठ खड़ा है? शर्त खतम, बेटी. आने दे काँटा. जो गलती तब की थी, वही कर."

मी हात उचलला. अगदी त्या पिवळ्या घाण्यासारखं केलं. चमचा सोडायचा, बोटांनी नुसतं हलवल्यासारखं करायचं, आणि थांबायचं. आई थांबायची तसं. खिडकीचा पंखा बंद केला, गॅसची ऊब राहू दिली. संध्याकाळी सुनेने परातीत डोकावून बघितलं आणि ती ओरडलीच. दाण्यादाण्यावर बारीक, पांढरा काटा उभा राहिला होता. पहिला दाणा मी देवासमोर ठेवला, आईच्या फोटोखाली. दुसरा तोंडात टाकला, तर काटा जिभेला टोचला. उस्तादांना परत फोन लावला होता, ते विचारत होते, "आया क्या? आया?"

बोरन्हाणाच्या दिवशी ओवीला काळं झबलं घातलं. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात बांगड्या, कमरेला पट्टा. सोसायटीतली सगळी पोरं गोळा झाली. बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे तुकडे आणि बरणीतल्या लाल गोळ्या, सगळं एकत्र कालवून तिच्या डोक्यावरून खाली मांडलेल्या आईच्या परातीत ओतलं. परातीत पडताना गोळ्या खळखळल्या. पूर्ण सुकलेल्या.

तीन दिवस खपून केलेल्या माझ्या हाराकडे ओवीने ढुंकूनही बघितलं नाही. तिने परातीतून एक जुळी उचलली, चोखून लाल केलेलं तोंड माझ्याकडे वळवून हसली, आणि ती अर्धी चोखलेली जुळी माझ्या तोंडात कोंबून तिने दुसरी उचलली. तिच्या गळ्यात आईचा काटा, हातात माझी जुळी. दोन्ही माझ्याच हातची.